कोणते काळे?

९ जानेवारी

दुकानाला आज एकोणीस वर्षं झाली. फाट्यावर पाटी तीच, 'काळे मोटर रिवायंडिंग'. सकाळी ओल्या फडक्यानं पाटी पुसता पुसता मनातल्या मनात हिशेब मांडला, या पाटीची खरी किंमत काय काय पडली. रंगाचा नि पत्र्याचा खर्च सोडून.

एक बोली. पल्लवी बोलायला लागली त्या साली घरात बंद केली. पोरीला आता आपला एक शब्द येत नाही.

तीन लग्नं. शेवंताआक्काच्या दोन पोरींची, एक चुलत भावाचं. तिन्हीला "सीझन आहे" म्हणून कळवलं.

आईचं शेवटचं. निरोप दुपारी आला, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं. त्याची मोटर देऊन, शटर ओढून निघालो. पोचलो तेव्हा माती झाल्ती.

पल्लवीचा दाखला. काढला असता तर नर्सिंगला राखीव सीट होती. पण दाखल्यावर जात लिहितात, आणि शाळेचा शिपाई फाट्यावरच राहतो.

एवढं दिलं, कारण पारध्याच्या दुकानात मोटर ठेवून कोण जाईल? ठेवलीच तर त्याला घरी जाऊन झोप लागेल का?

आडनावानं मात्र साथ दिली. काळे, पवार, भोसले, शिंदे. वाड्यातल्यांचीही हीच, पालातल्यांचीही हीच. कोणी विचारलंच, "कोणते काळे तुम्ही?", तर माझं उत्तर ठरलेलं, "दिसतो तसले." माणूस हसतो, हसण्यात प्रश्न विरतो. एकोणीस वर्षांत फाट्यावरच्या एकाही माणसाला पत्ता लागू दिला नाही. सोपं काम नाही हे. कान उघडे ठेवावे लागतात. मोटर दुरून ऐकून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगतो, तसं माणूस पुढच्या वाक्यात काय विचारणार तेही मला आधी ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र हातातून गेली नाही. कॉइल दोऱ्यानं बांधताना बोटं आपोआप बापाची गाठ मारतात. तितराच्या फाशाची. ओढावी तितकी आवळते. वर वार्निश चढलं की दिसत नाही. तेवढे आपले लोक माझ्याजवळ राहिले, तेही मोटरीच्या पोटात.

दुपारी ठाण्याचे जमादार आल्ते. महिन्याचा चहा. "सगळे बराबर ना काळे? घरचे इथंच?" नेहमी एवढंच विचारतात. भला माणूस.


१३ जानेवारी

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच स्वतःला वेगळं काहीतरी सांगीन.

भोगीचा बाजार. दुकानापुढं गाजरं, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, सुगड्यांची रास. बाराला पाच कमी असताना दाजी आले. शेवंताआक्काचे मालक, झुंबर पवार. धावड्याकडं विठ्ठलतात्यांच्या शेतात आठ वर्षांपासून राखणीला आहेत. तात्यांची पाच एचपीची जळकी मोटर मी नव्या तारेनं भरून ठेवल्ती, ती न्यायला.

दुकानात आमचं नाटक असतं. ते मला 'शेठ' म्हणतात, मी त्यांना 'बाबा'. त्यांना त्याची मजा वाटते. "शेठ, तीळगूळ उद्या द्या, मोटर आज द्या," म्हणाले आणि माझ्याकडं पाहून एक डोळा बारीक केला. दोघांनी मिळून मोटर त्यांच्या गाडीला दोरीनं बांधली.

जीपच्या पट्ट्याची चिरचिर मी ऐकली होती. ठाण्याचीच जीप, ओळखीची. वाटलं, बाजारात चालली.

दोन शिपाई उतरले. एकानं दाजींची मान धरली.

"नाव?"

"झुंबर पवार."

"कोणते पवार?"

शिपायानं कानाखाली दिली. "पालातलाच न रे तू?"

जमादार मागून सावकाश उतरले. माझ्याकडं वळले. "काळे, ओळखता का याला?"

सगळा बाजार थांबला होता. शेजारचे हार्डवेअरवाले शेठजी पायरीवर, समोर चहावाला, दुकानात गिऱ्हाईकं. मी म्हणालो, "न्हाई साहेब. गिऱ्हाईक असंल."

"मोटर कोणाची?"

आणि मी हसून म्हणालो, "आता साहेब, रोज ढीगभर मोटरी येतात. मोटरीला थोडंच आडनाव असतं?"

लोक हसले. जमादारही हसले. दाजी खाली पाहत होते.

दाजींना जीपमध्ये घातलं. मोटर घेतली. माझी कामाची वहीही "तपासाला" म्हणून नेली. कोणाची मोटर कधी आली, कधी गेली, सगळं त्यात होतं. तात्यांचं नाव त्यातच होतं.

"तात्यांची मोटर, मी भरली, हा त्यांचा माणूस." सहा-सात शब्दांचं काम होतं. ते सोडून आडनावाचा विनोद केला.


१४ जानेवारी

संक्रांत. मंगलनं वाण वाटलं नाही. माझी बायको सहसा बोलत नाही. आज सकाळपासून भांडी आपटतीय, पण आवाज न होऊ देता. हे तिलाच जमतं.

अकराच्या सुमारास शेवंताआक्का आली. दुकानात तीन माणसं बसलेली. ती पायरीखाली उभी राहिली, पदर डोक्यावर, आणि म्हणाली, "शेठ, आमच्या मालकाची मोटर भरायला टाकल्ती, झाली का?"

माझी सख्खी मोठी बहीण. लहानपणी हिच्या कडेवर बसून मी गावोगाव फिरलो. कालचं सगळं कळूनही माझी पाटी सांभाळत उभी.

मी म्हणालो, "मागच्या बाजूला या, दाखवतो." मागं वार्निश सुकवायच्या भट्टीजवळ नेलं. तिथं ती आपल्या बोलीत बोलली. एवढ्या वर्षांनी दुकानात तो आवाज. माझी नजर आधी दाराकडं गेली, मंग तिच्याकडं.

ठाण्यात गेल्ती. तिथं म्हणतात, झुंबर पवार नावाचा माणूस आणलाच नाही. "खरंच आणला नसंल का रे?" तिनं मला विचारलं. माझ्या दारातून नेला होता.

माहिती अशी: धावड्याच्या अलीकडं रविवारी घरफोडी झाली. तात्यांच्या साडूकडं. सोनं गेलं. त्यानंतर तीन पालांतून माणसं उचलली. कोणी पाहिलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. पाल जवळ होतं, तेवढं पुरलं.

आक्का जाताना पुन्हा पायरीखाली उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "येते शेठ."

तात्यांना फोन केला. "मोटर माझीच आहे काळे, न्हाई कुठं म्हणतो? पण चोरी साडूकडं झाली. मी कोणत्या तोंडानं ठाण्यात जाऊ? आणि खरं सांगू का, कोणाच्या मनात काय असतं आपल्याला काय ठाव?" आठ वर्षं दाजींच्या कमरेला तात्यांच्या खोलीची किल्ली आहे. हे मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत.


१५ जानेवारी

यापुढं या वहीत जमादार असं पूर्ण लिहायचं नाही. ज. पुरे. वही कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

सकाळी ज. चा फोन. "काळे, ठाण्याच्या टाकीची मोटर अडकली. जल्दी या."

गेलो. मोटर मागच्या अंगाला, एका बंद खोलीच्या खिडकीखाली. झाकण काढलं. मोटरीला काहीच झालेलं नव्हतं. एक वायर सुटलेली. जळालेली नाही, झिजलेली नाही, हातानं उपटलेली. मला मोटरीसाठी बोलावलंच नव्हतं.

वायर जोडत होतो तेव्हा खिडकीतून खोकला आला. दाजींचा. तंबाखूचा खोकला, शेवटाला शीळ वाजते. मी पकड आपटली, म्हणजे माझा श्वास ऐकू जाऊ नये.

मंग ते आपल्या बोलीत बोलले. भिंतीशी बोलावं तसं, सावकाश. ओळख देऊ नको. तुला पोरगी आहे. जे होईल ते मी काढीन.

ज. माझ्या मागंच उभे होते. मला त्यांच्या बुटांचा आवाज आला नव्हता. मला.

"काय बडबडतोय तो, काळे?"

"मला काय कळतंय साहेब."

"मंग हात का थांबला तुमचा?"

आत नेलं. खुर्ची दिली, चहा मागवला. कपाटातून एक जाड वही काढली, नजर ठेवायच्या लोकांची. पान आधीच शोधून ठेवलेलं, मधे खूण घातलेली.

माझं पान.

नाव. बापाचं नाव, आज्याचं नाव. जात. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. धंदा, मोटर भरणे. नातेवाईक: बहीण शेवंता, तिचा नवरा झुंबर, राहणार पाल. 'पूर्वीचे गुन्हे' या रकान्यात 'निरंक'. पान दुकान उघडलं त्या सालचं. पुढं तारखाच तारखा, दर महिन्याची एक, दर तारखेपुढं एकच वाक्य, 'दुकानावर हजर मिळून आला.' शाई बदललीय, अक्षर चारदा बदललंय, वाक्य तेच.

शेवटची तारीख ९ जानेवारी. त्या दिवशीचा चहा.

"गुन्हा काही न्हाई साहेब माझ्यावर," मी म्हणालो.

"म्हणून तर चहा पितो तुमच्याकडं," ज. म्हणाले. आवाज नेहमीचाच, प्रेमळ.

मंग एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. माझा जबाब. मी द्यायच्या आधी लिहून तयार. 'सदर इसमास मी ओळखत नाही. त्याने सदर मोटर मला विकत घेण्याबाबत विचारले.' ज. नी समजावून सांगितलं. सही केली तर मी साक्षीदार, आणि माझं पान बंद करायचं साहेबांकडं लिहितील. नाही केली तर चोराचा मेव्हणा, चोरीच्या मोटरी घेणारा. "ओळखत न्हाई असं तुम्हीच म्हणालात, सगळ्या बाजारापुढं. मी तर काही म्हणालो न्हाई."

उठताना विचारलं, "मुलगी कोणत्या होस्टेलला आहे, संभाजीनगरला? नवं का जुनं?"

रविवारपर्यंतची मुदत.


१६ जानेवारी

पेपरात आलं. 'सराईत घरफोड्या जेरबंद, मोटर हस्तगत.' दाजींचा फोटो, तोंडावर फडकं, समोर टेबलावर माझी मोटर. हिरवं वार्निश कोपऱ्याला ओघळलंय, तेवढ्यावरून मी ओळखली. बातमीत लिहिलंय की पहाटे चार वाजता, धावडा रस्त्यावर, संशयास्पद फिरताना पकडला.

चौदा तारखेची पहाट. म्हणजे भोगीच्या दुपारी बारा वाजता माझ्या दारात कोणी आलंच नव्हतं.

चहावाल्यानं बातमी मोठ्यानं वाचली आणि पेपर घडी करून बाकाखाली ठेवला. वाचताना एकदाही माझ्या दुकानाकडं बघितलं नाही. मुद्दाम न बघणं मला बघण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

कोर्टात आणलं तेव्हा आक्का गेल्ती. म्हणाली, दाजींच्या पायात चप्पल जात नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का. दाजी म्हणाले, नाही. शिपाई हातभर अंतरावर उभे होते.

दिवसभर जे वाहन वळलं त्याचा पट्टा ऐकत बसलो. दोन मोटरींच्या कॉइल उलट्या भरल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.


१७ जानेवारी

शनिवार. मंगलला सगळं सांगितलं. कागद, पान, पल्लवीचं होस्टेल. म्हणालो, सही केली तर पान बंद होतंय.

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता आपल्या बोलीत म्हणाली, पान बंद झालं तर तुझी जात जाईल का? मंग मराठीत म्हणाली, "आणि दाजी?"

मला भूक नव्हती, तरी जेवलो. जेवलो नसतो तर तिला वाटलं असतं की मी सही करायचं ठरवलं.

पल्लवीला फोन करून सांगितलं, मैत्रिणीशिवाय गेटच्या बाहेर पडू नको. "का पप्पा?" म्हणाली. काय सांगू? पंधरा मिनिटं बेअरिंगबद्दल बोललो.


१८ जानेवारी

रविवार. मुदतीचा दिवस. ठाण्यात गेलो नाही, जालन्याला गेलो. शेजारच्या शेठजींना सांगितलं, तांब्याची तार आणायला. तारेचं दुकान रविवारी बंद असतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत.

तिथल्या एक वकीलबाई घरीच भेटल्या. तिशीच्या असतील. सगळं ऐकून घेतलं. मोटरीचं सांगताना अडकलो, कारण कामाची वही ठाण्यात. त्यांनी विचारलं, तुम्हीच भरली याला दुसरा पुरावा? तेव्हा गाठीचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला. त्यांच्या टेबलावरच्या सुतळीवर मारून दाखवली. त्यांनी ओढून पाहिली, आणखी ओढून पाहिली. सुटेना.

"ही तुमच्याशिवाय कोण मारतं?"

"माझा बाप मारायचा. तितर धरायला."

"म्हणजे मोटर तुम्ही भरली हे सिद्ध करायचं तर…"

"हो. त्यासोबत बाकीचं पण सिद्ध होतं."

ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली तक्रार करायची तर जातीचा दाखला लागेल म्हणाल्या. दाजींचा? नाही. पाल कोणत्या गावचं म्हणून लिहायचं, त्यापायी कधी झालाच नाही. माझा? मी काढला नाही.

"कुठं तरी एखादा जुना सरकारी कागद असेल, जात लिहिलेला. बापाचं नाव असलेला."

मला हसू आलं. भीतीतही येतं. म्हणालो, "एक आहे बाई. आज्यापर्यंत नावं आहेत. दर महिन्याला भरतात. ठाण्यात आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मंग उचललं आणि माहितीच्या अधिकारात त्या पानाची नक्कल मागायचा अर्ज लिहायला घेतला. पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं तक्रार वेगळी. तक्रारीत माझं वाक्य आहे: 'झुंबर पवार हे माझे सख्खे दाजी असून मी बाजारात खोटे बोललो.' सही करताना लक्षात आलं, ठाण्यातला जबाबही कागदच, हाही कागदच. सही एकाच माणसाची.

परतीला एसटीत शेवटच्या सीटवर बसलो. पाठीमागं कोणी नको.


२१ जानेवारी

तक्रार पोचली असावी. ज. आले.

नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या स्टुलावर. एकटेच. माझ्या हातातली मोटर मी खाली ठेवली. मंगलनं चहा आणला. ज. नी फुंकर घालून घालून सबंध कप संपवला. तेवढा वेळ मी पंख्याचा आवाज मोजत होतो; तिसऱ्या फेरीला एक ठोका चुकतो, तेल घालायला झालंय.

"साखर कमी आज."

"तेवढीच आहे साहेब."

"असंल." कप खाली ठेवला. "मंग, हजर लिहू ना?"

मी म्हणालो, "लिहा."

गेले. धमकी नाही, शिवी नाही, आवाज चढवला नाही. मंगलनं तो कप धुतला नाही, मागं टाकून दिला.


२४ जानेवारी

दाजींना जालन्याच्या जेलात पाठवलं. आक्का भेटून आली. बोटं सुजलीत, पण खोकला कमी आहे म्हणाली. माझ्यावर चिडलेत. म्हणाले, कशाला नाव लावलं त्यानं, मी काढलं असतं.

दुपारी हिंमत करून शेठजींच्या दुकानात गेलो. म्हटलं, दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगावं. गिऱ्हाईक नव्हतं. सांगितलं, शेठजी, मी पारधी आहे. त्या दिवशी नेलं ते माझे दाजी.

शेठजी खिळे तोलत होते. तोलायचे थांबले नाहीत.

"अरे काळेभाऊ, ते तर पहिल्या दिवाळीलाच मालूम झालं. तुमची आई आल्ती न दुकानावर? मागं जाऊन तुमच्या बोलीत बोलल्या, भिंत एकच आहे आपली. पूरा फाटा जानता है."

"मंग एकोणीस वर्षं कोणी बोललं कसं न्हाई?"

"तुम्हीच बोलत नव्हते. आम्ही काय बोलणार? और मोटर अच्छी भरते तुम्ही."

मला आधी हलकं वाटलं. इतकं हलकं की दुकानात येऊन बसलो आणि एकटाच हसलो. एकोणीस वर्षं ज्या भिंतीआड लपलो ती काचेची होती.

मंग ते दुसरं लक्षात आलं. भोगीच्या दिवशी, मोटरीला आडनाव नसतं म्हणालो, तेव्हा लोक हसले. त्यांना माहीत होतं, जीपमध्ये बसवला तो माझा कोण आहे. माहीत असून हसले. मी विनोद केला म्हणून, मला बरं वाटावं म्हणून हसले असतील. की आणखी कशासाठी? कान एवढे तिखट, पण ते हसू आता कितीही आठवलं तरी कोणतं होतं ते ऐकू येत नाही.


३० जानेवारी

मोठ्या साहेबांचं पत्र आलं. उपअधीक्षक चौकशी करणार, ६ फेब्रुवारी, अकरा वाजता, जालन्याला. भोगीच्या दुपारी झुंबरला दुकानातून नेलं हे पाहणारे साक्षीदार आणावेत. त्याच एका गोष्टीवर सगळं आहे, वकीलबाई म्हणाल्या. दुपार सिद्ध झाली तर पहाट खोटी, पहाट खोटी तर पंचनामा खोटा, दाजी बाहेर.

आज बऱ्याच दिवसांनी छातीत हवा गेली. साक्षीदार? भर बाजार होता. आणि आता लपवायचंही काही उरलं नाही. या फाट्यावरच्या कोणत्या विहिरीवर माझ्या हातची मोटर नाही? रात्री-अपरात्री कोणाच्या रानात उतरलो नाही मी? मी एक हाक दिली तर पन्नास माणूस उभं राहील, पन्नास. संध्याकाळपर्यंत फिरून आलो. शेठजी, "येतो ना, क्यों नहीं." चहावाला, "तुम्ही सांगा, दुकान बंद ठेवून येतो." सुगडीवाली आजी म्हणाली, मी तर सगळ्यात जवळ होते. या वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहीत गेलो. एक्कावन्न झाली. दोन टेम्पो सांगून ठेवले.

मंगल म्हणाली, एवढ्या मोठ्यानं नका बोलू.


४ फेब्रुवारी

ठाण्याची जीप फाट्यावर दोनदा आली. माझ्याकडं थांबली नाही. शेठजींकडं थांबली, चहावाल्याकडं थांबली, टेम्पोवाल्याकडं थांबली. प्रत्येक ठिकाणी चहा झाला असावा.

पानाची नक्कल मागितली होती त्याचं उत्तर आलं. 'अशी कोणतीही नोंदवही या ठाण्यात ठेवली जात नाही.'

वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, वर अपील करू. मी विचारलं, बाई, मंग एकोणीस वर्षं मी हजर कुठं होतो?


६ फेब्रुवारी

चौकशी झाली. साहेब तरुण, शांत. त्यांच्या शांत असण्याचीही भीती वाटली. शांत माणसाचा चहा पाहिलाय.

"त्या दिवशी तुम्ही ओळखत नाही म्हणालात?"

"हो साहेब."

"आता दाजी म्हणता. मी कोणतं खरं धरू?"

मी म्हणालो, "त्या दिवशी मी भ्यायलो होतो. आजही भ्यायलोय. पण आज लिहून देतोय."

गाठ दाखवायला सांगितली. फाइलीची फीत दिली. गाठ पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा बसली. साहेबांनी स्वतः ओढली, जवळच्या शिपायाला ओढायला लावली, मंग फीत तशीच कागदाला लावून ठेवली. मुद्देमालातली मोटर पंचांसमोर उघडायचा हुकूम लिहिला. तारीख नंतर कळवू म्हणाले. तोवर मोटर ठाण्याच्याच खोलीत राहणार. किल्ली ज. कडं. उघडेल तेव्हा आत माझीच कॉइल असेल ना, हे मी मोठ्यानं विचारलं नाही. वकीलबाईंनी विचारलं. साहेबांनी ते फक्त लिहून घेतलं.

दाजी अजून आत. जामिनाची तारीख पुढच्या आठवड्यात.

शेवटी साहेब म्हणाले, "भर बाजार होता म्हणता. बाकीचे साक्षीदार बाहेर बसलेत का? एकेक आत पाठवा."

बाहेर बाकावर शेवंताआक्का आणि मंगल होत्या. त्या दिवशी बाजारात दोघीही नव्हत्या. टेम्पो सकाळी आलेच नाहीत. आम्ही तिघं एसटीनं आल्तो.